उद्या किती कुप्या? मुंबईतल्या कोविड लसीकरणाचं एक प्रकरण

२९ एप्रिल २०२१ ला मुंबई महापालिकेनं जाहीर केलं की ३० एप्रिल ते २ मे असे तीन दिवस शहरातलं लसीकरण बंद राहील. साठा संपला होता. बाकी सगळं जागेवर होतं: परिचारिका, मांडलेली टेबलं, बीकेसीचा, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातला मांडव, गोरेगावचं नेस्को संकुल. दुसऱ्या डोसची तारीख उलटत चाललेली वयस्कर मंडळी केंद्रांच्या फाटकाशी येऊन पाटी वाचून परत जात होती. आणि याच तीन दिवसांत, १ मे ला, १८ ते ४४ वयोगटासाठी नायर, कूपर, राजावाडी, सेव्हन हिल्स आणि बीकेसी अशी पाच केंद्रं सुरू झाली. पंचवीस वर्षांच्या नातवाला लस आणि सत्तरीच्या आजोबांना नकार, तोही एकाच घरात. कागदावर यात काही चूक नव्हती. आजोबांची लस केंद्र सरकार पुरवणार होतं, नातवाची राज्य सरकारनं विकत घेतलेली होती, आणि एका खात्यातली कुपी दुसऱ्या खात्यात वापरायची मुभा नव्हती.

या प्रकरणाकडे बहुतेक वेळा ‘लस कमी पडली’ एवढ्याच वाक्यात पाहिलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. लस देशभर कमीच होती. मुंबईत रांगा, धावपळ, रिकामे मांडव आणि मिनिटभरात संपणारे स्लॉट हे जे काही झालं, त्याचा बराच भाग कमतरतेपेक्षा अनिश्चिततेतून आला. उद्या सकाळी वॉर्डाच्या हातात किती कुप्या असतील, हे आज संध्याकाळी कुणालाच सांगता येत नव्हतं. बाकीची यंत्रणा कितीही चोख असली तरी या एका प्रश्नापाशी ती अडत होती.

कुपीचं गणित

पहिली खेप १३ जानेवारी २०२१ ला पुण्याहून आली: कोविशील्डचे १,३९,५०० डोस, परळच्या एफ दक्षिण विभाग कार्यालयातल्या साठवण केंद्रात. पुढे कांजूरमार्गला मोठं शीतगृह उभं राहिलं. तिथून माल वॉर्डांकडे, वॉर्डातून केंद्राच्या आयएलआरमध्ये, म्हणजे बर्फाच्या अस्तराच्या फ्रिजमध्ये, आणि तिथून सकाळी व्हॅक्सिन कॅरिअरमधून टेबलापर्यंत. सगळीकडे तापमान २ ते ८ अंश. मुंबईत मे महिन्यात लोकांना भीती वाटते ती लस तापण्याची. शीतसाखळीत काम करणाऱ्यांना लस गोठण्याची भीती तितकीच असते, कारण ही लस गोठली की फेकावीच लागते आणि नुसतं कुपीकडे पाहून गोठून गेलेली लस ओळखू येईलच असं नाही. म्हणून डीप फ्रीझरमधून काढलेले आइस पॅक थेट कॅरिअरमध्ये भरायचे नसतात. ते बाहेर ठेवून घामेजू द्यायचे, कानाशी धरून हलवायचे, आत पाणी खळखळलं की मग चार बाजूंना चार लावायचे. सकाळी साडेआठला गाडी सुटायची असेल तर पॅक सातच्या सुमाराला बाहेर यायला हवेत. गाडी उशिरा सुटली तर पॅक पुन्हा बदला. अशा गोष्टी कुठल्याही घोषणेत येत नाहीत, पण केंद्र नऊला उघडणार की साडेदहाला, हे त्यांवर ठरतं.

कोविशील्डची कुपी दहा डोसची, प्रत्येक डोस ०.५ मिली. कुपी उघडली की चार तासांत संपवायची, नाही तर उरलेलं टाकून द्यायचं. उघडल्याची वेळ कुपीवरच पेनानं लिहायची. नेहमीच्या बाललसीकरणात पोलिओ किंवा पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी नीट ठेवली तर २८ दिवस चालते, बीसीजी आणि गोवराची चार तास. त्यामुळे दवाखान्यातल्या परिचारिकांना चार तासांचा नियम नवा नव्हता. एका कुपीसाठी दहा प्रौढ माणसं एकाच वेळी जमवायची, हे मात्र नवीन होतं. कोवॅक्सिन सुरुवातीला वीस डोसच्या कुपीत यायची, म्हणजे वीस जण.

इथून ‘शेवटच्या कुपीचा’ पेच निघतो. संध्याकाळी पावणेपाच वाजले आहेत, केंद्र पाचला बंद होतं, बाकावर तीन माणसं आहेत. कुपी उघडायची? उघडली तर सात डोस वाया, नाही उघडली तर तीन माणसं हात हलवत परत. जानेवारी-फेब्रुवारीत, जेव्हा आरोग्य कर्मचारीच पुरेसे येत नव्हते, तेव्हा हा पेच रोजचा होता. नियोजनाच्या कागदावर १० टक्के नासाडी धरलेली होती, म्हणजे शंभर जणांसाठी १११ डोस. पण एप्रिलमध्ये टंचाई सुरू झाल्यावर नासाडीचा आकडा राजकीय झाला आणि एकही डोस फुकट घालवायला कुणी धजेना. त्याचा एक चांगला परिणाम झाला. कुपीत थोडी लस जास्त भरलेली असते आणि ऑटो डिसेबल, म्हणजे एकदाच वापरता येणाऱ्या सिरिंजमध्ये मागे फार कमी राहते. हात बसलेली परिचारिका दहाच्या कुपीतून अकरावा डोस काढू शकते. त्याला एकच कडक अट आहे: अकरावा डोस पूर्ण ०.५ मिलीचा हवा. दोन कुप्यांचा तळ एकत्र करून एक डोस बनवायचा नाही, कधीच नाही, कारण मग कुठल्या बॅचची लस कुणाला दिली याचा पत्ता लागत नाही आणि एका कुपीतला संसर्ग दुसरीत जातो. शिवाय या सिरिंजचा दट्ट्या एकदाच मागे येतो आणि डोस टोचला की लॉक होतो. नवख्या हातानं हवेचा बुडबुडा ओढला आणि तो काढण्याच्या नादात दट्ट्या शेवटपर्यंत दाबला, तर सिरिंजही गेली आणि डोसही.

टेबलापेक्षा खुर्च्या जास्त लागतात

केंद्राचा आराखडा देशभर सारखाच होता: प्रतीक्षेची जागा, टोचण्याची जागा, निरीक्षणाची जागा. माणसं पाच. दाराशी नाव तपासणारा, को-विन या सरकारी नोंदणी पोर्टलवर ओळखपत्र पडताळणारा, लस टोचणारी, आणि गर्दी सांभाळत निरीक्षण कक्षावर नजर ठेवणारे दोघे. लस दंडाच्या वरच्या स्नायूत, सुई सरळ ९० अंशात. मग अर्धा तास थांबायचं.

मुंबईत जागेचं त्रांगडं झालं ते या अर्ध्या तासामुळे. हिशेब सोपा आहे. एक टेबल तासाला साधारण १५ जणांना लस देतं असं धरू. दहा टेबलं म्हणजे तासाला १५० जण. प्रत्येक जण अर्धा तास थांबणार, म्हणजे कुठल्याही क्षणी निरीक्षण कक्षात ७५ माणसं. दोन मीटर अंतरानं खुर्च्या मांडल्या तर एका खुर्चीला सुमारे चार चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस मीटर जागा फक्त बसून राहण्यासाठी. महापालिकेच्या दवाखान्याचा व्हरांडा किंवा शाळेचा वर्ग इथे पुरत नाही. बीकेसी, नेस्को, मुलुंड, दहिसर या जंबो केंद्रांचा उपयोग झाला तो यामुळेच. रुग्णांसाठी उभारलेल्या त्या मांडवांजवळ मुंबईत सहसा न मिळणारी गोष्ट होती, मोकळी फरशी. दादरला कोहिनूरच्या बहुमजली वाहनतळात ४ मे पासून सुरू झालेल्या गाडीतल्या लसीकरणाचं आकर्षणही हेच. माणूस आपली खुर्ची, म्हणजे गाडीची सीट, सोबत घेऊनच येतो. अर्थात ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यासाठी. धारावीत छोटा सायन रुग्णालयात मार्चमध्ये केंद्र काढलं तेव्हा अडचण नेमकी उलटी होती. लोक पायी येण्याइतक्या अंतरावर, पण यायला नाखूश.

निरीक्षण कक्षात नेमकं काय बघायचं, यावरही बराच वेळ फुकट गेला. लस घेतल्यावर चक्कर येऊन खाली बसणारे बहुतेक जण घाबरलेले किंवा उपाशीपोटी आलेले असतात. नाडी मंद, अंग गार, आडवं केलं की दोन मिनिटांत ठीक. खरी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, वेगळी दिसते: नाडी जलद, अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वासात शिट्टी, रक्तदाब खाली. तिथे वाट बघायची नसते. ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, आणि मग बाकीचं. म्हणून ॲड्रेनॅलिनची ॲम्प्यूल आणि सिरिंज कपाटात कुलपात नको, निरीक्षण कक्षातल्या टेबलावर हवी.

साठा आणि स्लॉट यांच्यातला सांधा

मुंबईची टोचण्याची क्षमता एप्रिलपर्यंत मोठी झाली होती. दिवसाला एक लाख डोसांचं लक्ष्य पालिका उघडपणे बोलून दाखवत होती. मे महिन्यात प्रत्येक नगरसेवक प्रभागात किमान एक केंद्र काढायचं ठरलं. प्रभाग २२७. लोकांच्या घराजवळ केंद्र हवं, याबद्दल वाद नाही. पण पुरवठा तोच राहिला तर केंद्रं वाढवून काय होतं, ते उदाहरणानं पाहू. समजा दिवसाला ३०,००० डोस आले. ते ५० केंद्रांना वाटले तर प्रत्येकी ६००, पाच टेबलं दिवसभर चालतात. तेच २५० केंद्रांना वाटले तर प्रत्येकी १२०. टेबल एक, पण पाच माणसांचा चमू, रुग्णवाहिका, कॅरिअर, संगणक आणि पोलीस सगळं तितकंच लागतं. सकाळी सहापासून तीनशे माणसं रांगेत, टोकन १२०, आणि उरलेल्या १८० जणांना नाही म्हणायचं काम ज्या वॉर्डबॉयच्या वाट्याला येतं, त्याच्या हातात माहिती काहीच नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. खेप यायची ती कधी दुपारी, कधी रात्री. ती मोजून, बॅच क्रमांक नोंदून पालिकेच्या २४ प्रशासकीय वॉर्डांत वाटायची. वॉर्डानं आपल्या केंद्रांत वाटायची. मग प्रत्येक केंद्राचं सत्र को-विनवर टाकायचं, तेव्हा कुठे नागरिकाला स्लॉट दिसणार. साठा रात्री नऊला आला तर सत्र टाकायला मध्यरात्र. ते कधी टाकलं जाणार हे जाहीर नसायचं, म्हणून लोक फोन हातात घेऊन बसायचे. ज्यांच्याकडे स्लॉट उघडल्याचा इशारा देणारे टेलिग्राम चॅनेल होते त्यांना तो मिळायचा. पिनकोड टाकत, ओटीपीची वाट बघत बसलेल्या माणसापर्यंत पडदा पोहोचेस्तोवर सगळं हिरवं लाल झालेलं. नंतर पालिका दुसऱ्या दिवशीच्या केंद्रांची यादी रोज रात्री ट्विटरवर टाकू लागली. मदत झाली, पण कुणाला? गोवंडीच्या झोपडपट्टीतली बाई रात्री अकराला ट्विटर बघत नाही. स्लॉटमागे धावणारे तरुण मुंबईबाहेरच्या केंद्रांतही नाव नोंदवू लागले, आणि तिथले गावकरी आपल्याच दवाखान्यात उपरे ठरले.

दुसरा रस्ता होता अंदाजानं आधीच सत्र टाकून ठेवण्याचा. म्हणजे स्लॉट दोन दिवस आधी मिळतो, पण माल आला नाही तर रद्द. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हेच घडलं. अनेक खासगी केंद्रं आणि बीकेसीसारखं मोठं केंद्रही साठ्याअभावी बंद ठेवावं लागलं आणि हातात अपॉइंटमेंट असलेले लोक परत गेले. पुरवठा डळमळीत असताना या दोन्ही रस्त्यांनी माणूस रांगेतच येऊन पडतो.

मग यातून वाट नव्हतीच का? होती, पण ती कुणाला परवडणारी नव्हती. दोन दिवसांचा साठा हात न लावता मागे ठेवायचा, आणि वाटप नेहमी कालच्या आवकीवरून करायचं, आजच्या नाही. पहिले दोन दिवस काहीच वाटायचं नाही, पण त्यानंतर उद्याचा आकडा आज दुपारी पक्का माहीत. किराणा दुकानदारही एवढं करतोच. पण ७ एप्रिलला राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यात तीनच दिवसांचा, सुमारे १४ लाख डोसांचा साठा उरल्याचं सांगितलं आणि केंद्र सरकारनं उलट हिशेब मांडून साठा असल्याचं म्हटलं. त्या वादानंतर ‘शिल्लक’ हा शब्दच शिवीसारखा झाला. मागे ठेवलेली प्रत्येक कुपी ही न वापरलेली कुपी म्हणून मोजली जाणार असेल तर कुठलाही अधिकारी आलेला माल संध्याकाळपर्यंत संपवणार. आमच्या मते मुंबईतल्या रांगांची सगळ्यात मोठी किल्ली इथे होती, आणि ती मुंबईच्या हातात नव्हती.

मे च्या मध्यापासून पालिकेनं ठरावीक दिवस थेट येणाऱ्यांसाठी आणि ठरावीक दिवस अपॉइंटमेंटसाठी असं वाटून घेतलं. आठवड्याचे पहिले तीन दिवस वयस्कर आणि दिव्यांग यांच्यासारखे गट सरळ येऊ शकतील, पुढचे तीन दिवस नोंदणीवाले. हा तोडगा शहाणपणाचा होता, कारण फोन न वापरणाऱ्याला त्यानं ठरलेला वार दिला. त्यात १७ मे ला तौक्ते चक्रीवादळ आलं आणि लसीकरण पुन्हा बंद.

प्रत्येक पहिला डोस हे पुढच्या तारखेचं देणं असतं

कोवॅक्सिनच्या दोन डोसांत २८ दिवस. १० एप्रिलला ज्याला पहिला डोस दिला त्याला ८ मे ला दुसरा द्यावाच लागणार. म्हणजे आजची प्रत्येक टोचणी ही चार आठवड्यांनी वटणारी हुंडी. एप्रिलमध्ये गर्दी बघून मिळेल तो माल पहिल्या डोसाला दिला गेला, दुसऱ्यासाठी वेगळं काढून ठेवलं गेलं नाही, आणि मे उजाडला तेव्हा कोवॅक्सिनवाले दारात उभे. शेवटी राज्यानं १८ ते ४४ चं लसीकरण थांबवलं आणि त्या गटासाठी घेतलेली कोवॅक्सिन ४५ वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसाकडे वळवली. म्हणजे १ मे ला दोन खात्यांमध्ये जी भिंत उभी केली होती ती दोन आठवड्यांच्या आत पाडावी लागली.

कोविशील्डचं वेगळंच. सुरुवातीला चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ, आणि १३ मे ला बारा ते सोळा. विज्ञानाच्या बाजूनं लांब अंतराला आधार होता. केंद्राच्या दारात मात्र गोंधळ. काल ज्याला ‘उशीर झाला, लवकर या’ सांगितलं त्याला आज ‘८४ दिवस झाल्याशिवाय नाव घेणार नाही’. पुरवठ्याच्या अंगानं बघितलं तर या एका निर्णयानं दुसऱ्या डोसाची थकबाकी रातोरात पुढे ढकलली गेली आणि हाताशी असलेल्या कुप्या पहिल्या डोसासाठी मोकळ्या झाल्या. परदेशी शिक्षणाला निघालेल्या विद्यार्थ्यांची मात्र पंचाईत झाली. त्यांच्यासाठी ३१ मे पासून कस्तुरबा, राजावाडी आणि कूपरमध्ये थेट लस सुरू झाली आणि पुढे २८ दिवसांनंतर दुसऱ्या डोसाची सवलत आली.

दरम्यान पालिकेनं १२ मे ला एक कोटी डोसांसाठी जागतिक निविदा काढली होती. मुदत वाढवली, पुन्हा वाढवली, प्रतिसाद आले ते बहुतांश मध्यस्थांकडून, आणि लस बनवणाऱ्या कंपनीशी त्यांचा थेट करार असल्याचा कागद कुणालाच दाखवता आला नाही. सगळे प्रस्ताव फेटाळले गेले. फायझर-मॉडर्नासारख्या कंपन्या फक्त देशाच्या सरकारशी बोलत होत्या, शहराशी नाही. ही निविदा अपयशी ठरणार हे पहिल्या आठवड्यातच कळण्यासारखं होतं, पण ती काढली नसती तर ‘प्रयत्न केला नाही’ हा आरोप झाला असता. जाता जाता: ज्या शहरात वाल्डेमार हाफकिननं प्लेगच्या साथीत लस बनवून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, त्या शहरातल्या, त्याच्याच नावाच्या हाफकिन संस्थेला एप्रिल २०२१ मध्ये कोवॅक्सिन बनवायची परवानगी मिळाली. त्या वर्षीच्या मोहिमेत तिथली एकही कुपी आली नाही. लसनिर्मितीचा कारखाना परवानगीच्या कागदावर चालत नाही.

कांदिवलीचं शिबिर

१ मे नंतर खासगी रुग्णालयांना थेट खरेदीची मुभा मिळाली. मोठ्या साखळी रुग्णालयांनी करार केले, छोटी नर्सिंग होम लसीविना बसली, आणि गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांत ‘आमच्याकडे शिबिर लावून देतो’ म्हणणारे फिरू लागले. ३० मे ला कांदिवलीच्या एका संस्थेत ३९० रहिवाशांनी प्रत्येकी १,२६० रुपये देऊन लस घेतली. ती लस नव्हती. संशय कसा आला ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. टोचल्यावर कुणाच्याही फोनवर को-विनचा संदेश आला नाही. फोटो काढू दिले नव्हते. एवढ्या माणसांत कुणाला ताप नाही, दंड दुखत नाही. आणि नंतर आलेली प्रमाणपत्रं वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची. पुढे अशी आणखी शिबिरं उघड झाली. राज्य सरकारनं मुंबई उच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार मुंबईत २,०५३ जण फसले होते.

रहिवाशांना भोळं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या महिन्यात खरी लसही अचानक, न सांगता, कुणाच्या तरी ओळखीनं मिळत होती. त्यामुळे खोटी लस तशीच आली तेव्हा वेगळी वाटली नाही. त्यानंतर नियम आले: केंद्र को-विनवर नोंदलेलं हवं, संस्था आणि रुग्णालय यांच्यात लेखी करार हवा, वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवायचं. व्यवहारात सगळ्यात उपयोगी तपासणी याहून साधी आहे. टोचण्याआधी कुपीवरचा बॅच क्रमांक आणि मुदत बघायची, आणि टोचणाऱ्या टेबलाशेजारीच नोंद होऊन संदेश येतो का ते बघायचं. पहिल्या पाच जणांना संदेश आला नाही तर सहाव्यानं बाही खाली करावी. फसलेल्यांचे हाल इथेच संपले नाहीत. ज्यांच्या नावावर को-विनवर खोटा डोस चढला होता, तो काढल्याशिवाय त्यांना खरा देता येईना.

घरी जाऊन लस

अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्या ही मागणी उच्च न्यायालयात महिनोन् महिने चालली. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठानं केंद्र सरकारला वारंवार विचारलं, आणि उत्तरात नासाडी, कॅरिअर वारंवार उघडणं, घरी प्रतिक्रिया आली तर काय, ही कारणं आली. ती कारणं पोकळ नव्हती. कुपी उघडल्यापासून चार तास. घरी प्रत्येकाजवळ अर्धा तास थांबायचं तर दहा घरांना नुसतं थांबण्याचेच पाच तास होतात. अंधेरीतल्या जिन्यांचा आणि वाहतुकीचा हिशेब वेगळाच. एकाच चमूला हे जमणं शक्य नाही. पण चमूचे दोन भाग केले की जमतं. टोचणारी परिचारिका पुढच्या घरी जाते, डॉक्टर किंवा दुसरा कर्मचारी मागे निरीक्षणाला थांबतो, आणि पत्ते एकाच गल्लीतले किंवा एकाच पुनर्वसन इमारतीतले निवडतात. जुलैच्या शेवटी के पूर्व विभागात, म्हणजे अंधेरी पूर्वेच्या भागात, प्रायोगिक सुरुवात झाली. रुग्ण निदान सहा महिने तरी अंथरुणातून उठण्याची शक्यता नाही असं डॉक्टरचं पत्र आणि घरच्यांची संमती लागायची. सरकारी कामाच्या मानानं ही पद्धत सुटसुटीत होती. तिला जानेवारीपासून सहा महिने का लागले, हा प्रश्न मात्र उरतोच.

लोकलचा पास

२१ जूनपासून खरेदीची व्यवस्था पुन्हा बदलली. केंद्र सरकार ७५ टक्के लस घेणार, १८ वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रात मोफत, खासगीत कोविशील्डला जास्तीत जास्त ७८० आणि कोवॅक्सिनला १,४१० रुपये. पुरवठाही हळूहळू वाढला. आणि १५ ऑगस्टपासून दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. प्रमाणपत्रं तपासून ओळखपत्रावर शिक्का मारण्याचं काम ११ तारखेपासून स्थानकांवर सुरू झालं. मुंबईकराला लस घ्यायला लावणारी यापेक्षा जोरदार जाहिरात कुठलीच नव्हती. तोवर विरारहून किंवा डोंबिवलीहून बसनं तीन-तीन तास घालवणारा माणूस पासासाठी दुसऱ्या डोसाची तारीख मोजू लागला.

पण पासाची ओढ कुणाला? जो रोज कामाला लोकलनं जातो त्याला. लस घेतलेल्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा मागे होती, आणि ती ओढ नसणं हे त्याचं एक कारण. घरातला फोन नवऱ्याकडे, ओटीपी त्याच्या फोनवर. धुणीभांडी करणाऱ्या बाईला लसीनंतर दोन दिवस ताप म्हणजे दोन दिवसांचा खाडा. १७ सप्टेंबरला सकाळी साडेदहापासून सगळी सरकारी केंद्रं फक्त महिलांसाठी, नोंदणीशिवाय ठेवली गेली. गर्दी झाली. एका दिवसापेक्षा दर आठवड्याला ठरावीक दुपारी, मुलं झोपलेली असताना, अशी वेळ राखून ठेवली असती तर आणखी बरं झालं असतं.

नोव्हेंबरच्या मध्यात मुंबईचा पहिला डोस १०० टक्के झाल्याची बातमी आली. छेद होता १८ वर्षांवरची ९२ लाख ३६ हजारांच्या आसपास लोकसंख्या. पण को-विन मोजतं ते डोस कुठे दिला, घर कुठे आहे ते नाही. ठाणे, वसई, कल्याण, नवी मुंबईतून कामाला येणाऱ्या किती तरी जणांनी मुंबईत लस घेतली. त्यामुळे आकडा पुढे शंभराच्या वर गेला आणि त्याच वेळी शहरातल्या वस्त्यांत एकही डोस न घेतलेली माणसं होती. ती कुठल्या गल्लीत आहेत हे को-विनच्या आकड्यांच्या फलकावरून कळत नव्हतं. ते कळलं आरोग्य स्वयंसेविकांच्या वहीतून, घरोघरी विचारून, आणि ‘हर घर दस्तक’ या घरोघरच्या लसीकरण मोहिमेच्या फेऱ्यांमध्ये.

२०२२ च्या सुरुवातीला चित्र पालटलं. खासगी रुग्णालयांच्या फ्रिजमध्ये मुदत संपत आलेली कोविशील्ड पडून होती आणि ती बदलून घ्या म्हणून ती सरकारकडे विनवण्या करत होती. १६ मार्चला १२ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी कोर्बेव्हॅक्स ही लस सुरू झाली. सरकारी केंद्रांना मिळालेली कुपी वीस डोसची होती. मुलांच्या परीक्षा चालू होत्या. केंद्रावर पाच-सहा मुलं आईबरोबर येऊन बसायची, आणि परिचारिका कुपी हातात धरून फाटकाकडे बघत आणखी चौदा जणांची वाट पाहायची.